परगावची पळवाट: हिवाळ्यात अनोळखी गावात ट्रेल रनिंगसाठी वाट कशी शोधावी

लग्न, ऑडिट, ऑफिसचं ट्रेनिंग, सासरकडची हुरडा पार्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत परगावी जावं लागतं ते अशाच कारणांनी, आणि पळायचा खरा हंगामही नेमका तोच. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन किंवा डिसेंबरातली सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा (मॅरेथॉनहूनही लांब पल्ल्याची डोंगरातली शर्यत) डोक्यात असेल तर दोन-तीन दिवसांचा खाडा जिवावर येतो. मग माणूस पहाटे उठतो आणि लॉजसमोरच्या हायवेच्या कडेनं पळायला लागतो. उसाच्या ट्रॉल्या अंगाला घासून जातात, नाकातोंडात धूळ जाते, आणि परत आल्यावर निकाल लागतो: या गावात पळायला जागाच नाही.

जागा असते, आणि तीही ट्रेल रनिंगची, म्हणजे डांबरी रस्ता सोडून मातीच्या वाटेनं पळायची. देशावरच्या बहुतेक गावांना एखादी टेकडी, कालवा किंवा नदीकाठ असतोच. कामामुळे मला जिल्ह्याच्या गावांना सारखं जावं लागतं. तिथे वाट शोधायची जी रीत माझ्या अंगवळणी पडली आहे, ती इथे लिहिते. उदाहरणांसाठी सातारा घेतलं आहे. गाव अजिंक्यताऱ्याच्या अगदी कुशीत आहे, त्यामुळे एस.टी. स्टँडजवळ उतरलेल्या माणसालाही पायी डोंगर गाठता येतो.

एक गोष्ट आधीच सांगते: सकाळी उठून वाट शोधायची नाही. वाट आदल्या संध्याकाळीच पक्की झालेली हवी. हिवाळ्यात अंधार उशिरापर्यंत असतो, थंडीत डोकं नीट चालत नाही, आणि रस्त्यावर विचारायला कुत्र्यांशिवाय कुणी नसतं.

१. घरून निघण्यापूर्वी नकाशावर देऊळ शोधा

नकाशात 'ट्रेल' किंवा 'ट्रेक' असं शोधत बसू नका, हाती रिसॉर्टच्या जाहिराती लागतील. गावाच्या आसपासच्या टेकड्यांवर देऊळ आहे का ते पाहा. टेकडीवर देव असला की तिथवर वाट असतेच. ती बारा महिने मळलेली असते, पहाटे चार माणसं भेटतात, आणि बऱ्याचदा वर पाण्याची टाकी किंवा निदान बसायला पार असतो. साताऱ्यात पेढ्याचा भैरोबा, यवतेश्वर, बोगद्याजवळचा खिंडीतला गणपती, अजिंक्यताऱ्यावरची मंगळाई आणि थोडं लांब जायची तयारी असेल तर जरंडेश्वर. पुण्यात वेताळ टेकडी आणि पर्वती-तळजाई, कोल्हापूरजवळ कात्यायनी आणि जोतिबाचा डोंगर, संभाजीनगरात गोगाबाबा टेकडी. लेण्यांनाही हाच नियम लावा. नाशिकची पांडवलेणी आणि चांभारलेणी ही तिथल्या पहाटेच्या लोकांची हक्काची ठिकाणं आहेत.

देऊळ सापडलं की उपग्रहाचं चित्र उघडा. डांबरी रस्ता गडद आणि रुंद दिसतो, गाडीवाट दोन समांतर रेघांसारखी आणि पायवाट एकच फिकी, वाकडीतिकडी रेघ. डोंगराच्या सोंडेवरून, म्हणजे खाली उतरत येणाऱ्या लांबट धारेवरून गेलेली रेघ पळायला सहसा चांगली. ओढ्याच्या पोटातून वर चढणारी रेघ म्हणजे मोठमोठे धोंडे. ती चढायला ठीक, पळायला नाही.

मग समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या नकाशावरच्या रेषा. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर चालणाऱ्या ऑरगॅनिक मॅप्स, ऑसमॅंड अशा ॲपमध्ये त्या दिसतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशेही त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात, त्यात लागोपाठच्या दोन रेषांमधला उंचीचा फरक सहसा २० मीटर असतो. वाट अशा दहा रेषा ओलांडत असेल तर चढ २०० मीटर. डोंगरात दर १०० मीटर चढाला सपाटीवरचा एक किलोमीटर जास्तीचा धरायचा, असा ठोकताळा आहे. म्हणजे नकाशावर ६ किलोमीटर आणि चढ ३०० मीटर असेल तर पायांना ते ९ किलोमीटर. रोज १० पळणाऱ्याला हे जमेल. पण 'सहाच तर आहे' म्हणून ऑफिसच्या नऊच्या मीटिंगच्या आधी उरकायला निघालात तर उशीर ठरलेला.

स्ट्राव्हा या पळणाऱ्यांच्या-सायकलवाल्यांच्या ॲपची हीटमॅप, म्हणजे लोक कुठून जातात ते दाखवणारा नकाशा बघा, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. तिथे ठळक दिसणारी रेघ सायकलवाल्यांची असू शकते किंवा पावसाळ्यात रविवारी धबधबे बघायला जाणाऱ्यांची. जुलैत गजबजलेली वाट डिसेंबरात गवतात हरवलेली असते. फिकी का होईना, पण देवळापर्यंत जाणारी रेघ मला जास्त खात्रीची वाटते.

शेवटी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला रेंज जाते, आणि इंटरनेटवर चालणारा नकाशा नेमका तिथेच पांढरा पडतो.

२. गावात पोचल्यावर: विचारायचं कुणाला?

लॉजच्या काउंटरवर विचारून उपयोग नाही. तिथला माणूस तुम्हाला पर्यटक समजतो आणि रिक्षा करून जायच्या जागा सांगतो. दुपारी चहाच्या टपरीवर, खेळाच्या सामानाच्या किंवा सायकलच्या दुकानात विचारा. संध्याकाळी मैदानावर जा. जिल्ह्याच्या गावात मैदानावर भरतीची पोरं असतातच. पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी ती रोज घाम गाळतात, आणि दम वाढवायला टेकडीवर कुठून पळायचं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. साताऱ्यासारख्या फौजी जिल्ह्यात तर फारच. बायकांसाठी आणखी एक: मैदानावर पोरींचा गट असेल तर त्यांना विचारा. पहाटे कुठे वर्दळ असते आणि कुठे नसते, हे त्या न विचारता सांगतात.

प्रश्न कसा विचारता त्यावर उत्तर ठरतं. 'इथे ट्रेल आहे का?' या प्रश्नाला कोरा चेहरा मिळेल. मी असं विचारते:

"काका, भैरोबाला पायी कुठनं जातात?"

"पायी कशाला? गाडीनं जावा की, रस्ता हाय."

"नाही, पळायला जायचंय सकाळी. गुरं जातात ती वाट कुठली?"

"पळायला व्हय! मग हितनं नगा जाऊ, पलीकडनं पाण्याच्या टाकीपासनं जावा. सकाळी लोक असत्यात तिकडं."

या शेवटच्या वाक्यासाठी हा सगळा खटाटोप. नंतर आणखी तीन गोष्टी विचारून घ्या: वाटेवरचं गवत कापलंय का, मधे कुणाची राखणीची कुत्री आहेत का, आणि डोंगरावर मोहोळ लागलंय का. अंतर मात्र विचारू नका. 'हे काय, हितंच' म्हणजे तीन किलोमीटरही असतात. ते नकाशावर मोजा.

दोन वेगवेगळ्या माणसांनी एकच वाट सांगितली तर ती नक्की करा. एक हो म्हणतो आणि दुसरा मान हलवतो, अशी वाट सोडून द्या.

३. आदल्या संध्याकाळची पाहणी

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून पाचलाच निघा. सगळी वाट बघायची गरज नाही, सुरुवातीचा अर्धा-पाऊण किलोमीटर चालून या. चुका तिथेच होतात, कारण गावाची शेवटची घरं आणि डोंगर यांच्यामध्ये गोठे, प्लॉटिंगची कुंपणं, कचरा डेपो, खडीची खाण असलं काहीही निघतं, आणि ते नकाशावर नसतं. खरी वाट बहुतेकदा एखाद्या घराच्या परसातून किंवा पाण्याच्या टाकीमागून सुटते. दिवसा ती शोधायला पाच मिनिटं लागतात. अंधारात सापडतच नाही.

तिथे उभं राहून पाठीमागे वळून बघा, परतीला ही जागा कशी दिसेल ते. मोबाइलचा टॉवर, पाण्याची टाकी, देवळाचं शिखर अशी एक खूण पक्की करा.

फाटक असेल तर त्याची वेळ बघा. वनखात्याच्या ताब्यातल्या कित्येक टेकड्यांना आता कुंपण आणि फाटक आहे. काही ठिकाणी गावची वन समिती थोडी फी घेते आणि वहीत नाव लिहून घेते. पुरातत्त्व खात्याची लेणी-स्मारकं सहसा सूर्योदयानंतर उघडतात.

आणि लॉजच्या फाटकाचं विसरू नका! छोट्या गावातल्या लॉजचं शटर रात्री आतून बंद होतं आणि किल्ली घेऊन माणूस काउंटरमागे पांघरुणात असतो. रात्रीच सांगून ठेवा, म्हणजे सकाळी साडेसहाला त्याला हलवून उठवावं लागत नाही.

४. हिवाळ्यात जमीन कशी असते

पावसाळा संपला की डोंगरावर कमरेएवढं गवत असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यात वाट दिसत नाही, आणि कशावर पाय पडेल त्याचीही खात्री नसते. पुढे गवत वाळतं, कापणी होते, बायका भारे घेऊन उतरतात आणि त्यांच्याच पायांनी वाट पुन्हा उघडी पडते. म्हणून गवत कापलंय का, हा प्रश्न महत्त्वाचा. न कापलेल्या गवतात कुसळं असतात. ती मोज्यात घुसतात, टोकदार बाजूनं आत सरकतात आणि पाचव्या मिनिटाला घोट्याला सुया टोचल्यासारखं होतं. थांबून एकेक उपटावं लागतं. वरून सुती मोजा ओढला तर तो आणखी गोळा करतो. गुळगुळीत कापडाचे गेटर (बुटावरून घोट्यावर चढवायची पट्टी) किंवा घोट्यापर्यंतची घट्ट लेगिंग चालते.

जाळरेषा दिसली तर नशीब. वणवा पसरू नये म्हणून वनखातं हिवाळ्यात डोंगरावर गवताचे रुंद पट्टे कापून जाळून ठेवतं. राख बसल्यावर असा पट्टा मोकळा आणि स्वच्छ असतो, लांबवर नजर जाते. पाय काळे होतात, पण कुसळ एकही नाही. जिथे धूर दिसतोय किंवा माणसं काम करताहेत, तिथे मात्र फिरकायचं नाही.

कोरड्या उतारावर मुरूम सुटा होतो. त्या घसाऱ्यावर चढताना काही कळत नाही, पण उतरताना गोट्यांवर पाय ठेवल्यासारखं होतं. चढतानाच पाय मागे सरकतोय असं वाटलं तर परतीला तिथून चालत उतरायचं हे तिथेच ठरवा. कातळावर दव असेल तर तोही सकाळी आठपर्यंत निसरडा असतो.

थंडीचं एक गंमतशीर वागणं असतं. रात्री गार हवा जड होऊन खाली साचते, त्यामुळे नदीकाठी आणि ओढ्यात गारठा आणि धुकं, तर दीडशे-दोनशे मीटर वर गेलं की हवा उबदार. निफाडच्या थंडीच्या बातम्या दर वर्षी येतात. त्या सपाटीवर कालव्याच्या वाटेनं पळाल तर बोटं बधिर होतील, आणि तेवढ्याच पहाटे नाशिकच्या एखाद्या टेकडीवर जॅकेट काढावंसं वाटेल. पठारावर मात्र वाऱ्याचं राज्य असतं. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे गेलात तर पठार सुमारे १,२०० मीटरवर आहे, घामेजल्या अंगाला वारा लागला की हुडहुडी भरते. कासचं फुलांचं पठार संरक्षित आहे. फुलं हिवाळ्यात सरलेली असली तरी कुंपणाच्या आत पळायचं नाही, मातीत पुढच्या वर्षीचे कंद असतात.

डोंगर नकोच वाटत असेल तर पाटाची वाट बघा. कालव्याच्या कडेनं देखभालीचा कच्चा रस्ता असतो: सपाट, मऊ, मैलोगणती. फक्त ऊस लागून असेल तर पूर्ण उजाडल्याशिवाय तिथे जाऊ नका. जुन्नर, निफाड, कराड या पट्ट्यांत बिबट्या उसातच राहतो, आणि तोड सुरू झाली की त्याची जागा हलते. गावकरी 'वाघरू दिसलंय' म्हणाले की तो विषय संपला. तिथे धीटपणा दाखवायचा नसतो.

५. पहिल्या दिवशी गोल फेरी नको

नकाशावर गोल फेरी फार सुंदर दिसते: एका सोंडेनं वर, दुसरीनं खाली. अनोळखी डोंगरावर पहिल्या दिवशी ती करू नका. उतरायची सोंड मधेच कड्यावर संपते, किंवा वाट ढोरवाटांत फुटते. ढोरवाट हा सगळ्यात फसवा प्रकार. ती रुंद असते, मळलेली असते, आत्मविश्वासानं पुढे जाते आणि झुडपात किंवा पाणवठ्याच्या चिखलात विरून जाते. माणसांच्या वाटेवर चुन्याची खूण, झिजलेला दगड, प्लॅस्टिकची पिशवी, काही ना काही असतं. ढोरवाटेवर शेण आणि एकमेकींत गुंतलेल्या दहा रेघा.

गेलात तसेच परत या. वेळ वाटून घ्या: हातात ८० मिनिटं असतील तर ४० मिनिटांनी, जिथे असाल तिथून, माघारी फिरायचं. वर देऊळ दहा मिनिटांवर दिसत असलं तरी. फाटा आला की थांबा, मागे वळून बघा, फोटो काढा. फोटोवर वेळ असते, त्यामुळे परतीला क्रमही लागतो. दुसऱ्या दिवशी, वाट ओळखीची झाल्यावर, हवी तर फेरी करा.

६. सोबत काय हवं

- आधार किंवा लायसन्सची प्रत. चौकीवर किंवा समितीच्या वहीत नोंद करायला लागते
- सुटे पैसे, दहा-वीसच्या नोटा. वन समितीच्या टेबलावर यूपीआयचा फलक असतो, रेंज नसते
- पूर्ण चार्ज केलेला फोन, त्यात उतरवलेला नकाशा. थंडीत बॅटरी लवकर बसते, म्हणून बाहेरच्या नाही तर आतल्या खिशात
- हेडलॅम्प. मोबाइलचा टॉर्च चालत नाही, हात मोकळे हवेत
- अर्धा लिटर पाणी, एखादी चिक्की
- शिट्टी, क्रेप बँडेज, पातळ वाऱ्याचं जॅकेट, कानटोपी
- खाचा असलेले बूट. रस्त्यावर पळायचे गुळगुळीत तळव्याचे बूट मुरमावर दगा देतात
- कागदावर नाव, रक्तगट, घरचा नंबर आणि लॉजचं नाव. परगावी तुम्हाला कुणी ओळखत नाही

११२ हा तातडीचा आणि १०८ रुग्णवाहिकेचा नंबर सगळ्यांना माहीत असतो. वनखात्याचा १९२६ हाही फोनमध्ये टाकून ठेवा. वणवा किंवा जखमी प्राणी दिसला तर उपयोगी पडतो.

७. सकाळी

पश्चिम महाराष्ट्रात जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो. गंमत म्हणजे सगळ्यात उशिराचा सूर्योदय २२ डिसेंबरला नसतो, जानेवारीच्या मध्याला असतो. पूर्वेकडे, नागपूरला, थोडं लवकर उजाडतं. डोंगराची वाट असेल तर सूर्योदयाच्या वीस मिनिटं आधी, तांबडं फुटल्यावर निघा. तेवढ्या उजेडात दगड दिसतात. त्याआधीची वेळ गावातल्या रस्त्यावर हळू पळून अंग गरम करण्यात घालवा. गार पायांनी थेट चढाला लागलं की पोटऱ्या धरतात.

निघताना एकाला लोकेशन पाठवा आणि परतायची वेळ लिहा. 'आठपर्यंत आले नाही तर फोन कर' एवढं पुरतं.

कुत्री आली तर पळणं थांबवा. पळणारा माणूस म्हणजे त्यांच्या लेखी चोर. उभं राहा, पाठ न दाखवता सावकाश चालत बाजूला व्हा. खाली वाकून दगड उचलल्याचं नुसतं नाटक केलं तरी बहुतेक मागे सरतात. धनगराच्या मेंढरांजवळची कुत्री तेवढ्यानं बधत नाहीत. लांबूनच हाक मारा, तो आवरतो. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, गावाला परत जाऊन बघू म्हणू नका.

कड्याखाली, लेण्यांच्या कपारीत, उंच झाडावर आग्या मोहोळ असतं. तिथे गाणी नकोत, आरडाओरडा नको, भपकारा मारणारा डिओ तर अजिबात नको. माशा उठल्या तर हात झाडत उभं न राहता तोंड-डोकं झाकून सरळ लांब निघायचं.

हेडफोन लावू नका. वर चढणाऱ्या आजोबांना 'राम राम' घाला. परतताना तेच सांगतील, 'उद्या तिकडच्या अंगानं जा, वाट चांगली आहे.'

८. परवानगीशिवाय जायचं नाही अशा जागा

व्याघ्र प्रकल्प आणि अभयारण्यं ही पळायची मैदानं नाहीत. कोयना, चांदोली, ताडोबा इथे पायी शिरणं नियमात बसत नाही. बफरच्या, म्हणजे राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या गावात राहिलात तरी वनरक्षकाला विचारल्याशिवाय रस्ता सोडू नका. लष्कराच्या हद्दीत, धरणाच्या भिंतीवर आणि पवनचक्क्यांच्या कुंपणात जाऊ नका, वाट कितीही सरळ जात असली तरी. शेताच्या बांधावरून जावं लागलं तर मालक दिसताच आधी आपणच बोलावं. ज्वारी-हरभऱ्याच्या दिवसांत राखण असते आणि अनोळखी माणूस पळताना दिसला की संशय येणारच.

९. परत आल्यावर

लॉजचं गरम पाणी बहुतेक ठिकाणी सकाळी ६ ते ९ एवढंच असतं. सव्वानऊला आलात तर गार पाण्यानं आंघोळ. त्यामुळे माघारी फिरायची वेळ ठरवताना हाही हिशेब धरा. अंघोळीआधी मोजे बाहेरच झटका, कुसळं चादरीत गेली तर रात्रभर टोचतात. पोटऱ्यांवर आणि गुडघ्यामागे गोचीड आहे का बघा, गुरांच्या वाटेवर ती हमखास चिकटते.

मग स्टँडसमोर मिसळ खा. पळालेल्या वाटेची जीपीएक्स फाइल (ॲपनं नोंदवलेला वाटेचा माग) गावाच्या नावानं आणि महिन्यासकट साठवून ठेवा: 'सातारा, भैरोबा, जानेवारी, गवत कापलेलं.' पुढच्या खेपेला ऑक्टोबरात आलात तर ही वाट चालणार नाही, हे त्या नोंदीवरूनच कळेल.